दोन काटे, एकच नंबर

केडगावच्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये जावा ही प्रोग्रामची भाषा येणारी एकटी रश्मीच होती. आई भामाबाईनं मोलमजुरी करून तिला पुण्यात शिकवलं होतं. नव्याण्णव साली इन्स्टिट्यूटचे मालक राजस यांनी श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याचं काम धरलं. उसाच्या दोन वजनकाट्यांवर गाड्यांना आत जाण्याच्या पाळीचे नंबर द्यायचे होते. प्रोग्राम रश्मीनं लिहिला.

कॉम्प्युटर एक, काटे दोन, पण नंबरांची ओळ दोघांत मिळून एकच. प्रोग्राममध्ये दर काट्याचा वेगळा ऑब्जेक्ट, म्हणजे एकाच साच्यातून काढलेली प्रत होती. म्हणून तिनं कुलूप लावलं ते ऑब्जेक्टला नाही, तर दोन्ही ज्यातून निघाले त्या क्लासला, म्हणजे मूळ साच्याला. एक काटा नंबर घेतोय तोवर दुसऱ्यानं थांबायचं. चुकलं एवढंच, की पावतीची छपाईही तिनं त्याच कुलपात ठेवली. प्रिंटर करकरत राही, दुसरा काटा खोळंबे आणि बैलगाड्यांची रांग फाट्यापर्यंत जाई.

"सर, छपाई बाहेर काढते. उद्यापर्यंत थांबा. नंबरचं कुलूप मात्र दोघांना एकच हवं."

"चेअरमन डोक्यावर बसलेत माझ्या! कुठलं उद्या?" म्हणत राजस यांनी स्वतःच कुलूप क्लासला लावणारा 'स्टॅटिक' हा शब्द खोडला. आता दर काट्याला आपापलं कुलूप झालं. रांग भराभर सरली. सगळे खूश. एकाच क्षणी दोघांनी मागितला तर एकच नंबर दोनदा जाईल, असं रश्मीनं बजावलं. ती सांगत राहिली, पण ऐकतो कोण?

त्याच आठवड्यात एका दुपारी दोन्ही काट्यांनी एकाच क्षणी नंबर मागितला. दोन गाड्यांना एकच नंबर मिळाला. आधी आत कोण, यावरून गाडीवानांची जुंपली, बैल बुजले, आणि ऊसतोड करणारा भीमा चाकाखाली आला. पाय कापावा लागला.

रश्मी नगरच्या दवाखान्यात गेली. भीमाची बायको लंकाबाई व्हरांड्यात बसली होती.

"बाई, मशिनीनं दोगांना येकच नंबर कसा दिला?"

रश्मी क्लास, ऑब्जेक्ट, कुलूप असं काही सांगू लागली.

"ऱ्हाऊ दे," लंकाबाई म्हणाली. "तुला बी ठावं न्हाई."

कारखान्याच्या चौकशीत राजस एवढंच म्हणाले, "प्रोग्राम हिचाच." तिनं खोडलेल्या शब्दाचं सांगितलं, तर एक संचालक हसले. "एका शब्दानं पाय जातो व्हय?"

रश्मीची नोकरी गेली. पुढं ती सुप्याला एका कारखान्यात खोकी भरायला लागली. "कॉम्प्युटरचं काम बघ की गं," भामाबाई अधूनमधून म्हणायची. रश्मी डबा उचलून खोकी भरायला निघे.