बसमधून उतरलेली गल्ली

एव्हान्थियाबाईला मी पस्तीस वर्षं ओळखतो, आणि त्यातली तीस तरी तिच्याशी भांडण्यात गेली. अथेन्सच्या किप्सेली भागात आमची गल्ली. कोपऱ्यावर माझी पेपर-सिगारेटची टपरी, समोर तळघरात तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान. सहा-सहा मजली इमारती अशा खेटून उभ्या, की एकीत कांदा चिरला तर दुसरीत डोळ्यांना पाणी. कोणाची विजार आखूड करायची, कोणाकडे बाळ झालं, कोणाच्या खोलीत अल्बानियाहून आलेली सात पोरं दाटीवाटीने राहतात, सगळं बाईला ठाऊक. जिभेला हाड म्हणून नाही.

तिच्या नवऱ्याचं, पानागिसचं, अर्धं अंग वाऱ्याने गेलं होतं, वाचाही गेली होती. ती त्याला चाकाच्या खुर्चीत घालून रोज गल्लीच्या टोकाच्या सरकारी दवाखान्यात न्यायची. तिथे त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायचे. वर्षभराने त्याची बोटं मिटायला लागली, पाय हलला. त्या दिवशी बाईने माझ्यासारख्या भांडकुदळालाही मिठी मारली.

आणि दोन हजार एकच्या जानेवारीत त्याच दवाखान्याच्या दारावर कागद लागला. मागच्या जनगणनेत आमच्या आठ गल्ल्यांत चारच हजार माणसं निघाली होती. दवाखाना ठेवायचा तर पाच हजार हवीत. मार्चच्या मोजणीत ती भरली नाहीत तर दवाखाना बंद, पुढचा दोन बस बदलून.

"चार हजार?" मी भडकलो. "चार हजार तर माझ्या टपरीपुढे उभे राहून फुकट पेपर वाचतात!"

बाई हसली नाही. "लाम्ब्रो, मागच्या मोजणीला तू कुठे होतास?"

"गावी."

"आणि मी?"

"तूही गावीच की. सगळेच होतो."

हे आमचं पूर्वापार चालत आलेलं खूळ. जनगणना आली की अथेन्सचा माणूस उठतो आणि बापजाद्यांच्या गावी जाऊन स्वतःला मोजून घेतो. गावाची डोकी वाढली की गावाचा मान वाढतो, निधी वाढतो. सरपंच बस पाठवतो, वर जेवण. त्या दिवशी डोंगरातल्या ओस गावांत जत्रा भरते आणि इथे, जिथे माणसावर माणूस राहतो, तिथे मोजणीवाल्यांनी नुसती कुलपं बघायची. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं एकाच गावची, मावरोलाकाची. मी, बाई, पानागिस. आणि गावचा सरपंच होता थ्रासोस, बाईचा सख्खा धाकटा भाऊ.

"मी या खेपेला जायची नाही," बाई म्हणाली, "आणि तुम्हालाही जाऊ द्यायची नाही."

दोन महिने तिने एकही कपडा नुसता परत दिला नाही. प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी: 'मोजणीच्या रविवारी घरीच राहा.' लोक हो हो म्हणत आणि घरी जाऊन बॅग भरत. खोटं कशाला बोलू, मीही खिडकीजवळची जागा सांगून ठेवली होती. गावाशी वाकडं कोण घेणार?

शनिवारी सकाळी चौकात बस लागली. पन्नासएक माणसं आत बसली, मीही. थ्रासोस यादी घेऊन दारात उभा. ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि समोर बघतो तर काय, बाई! पानागिसची खुर्ची तिने बसच्या नाकासमोर आणून लावली होती.

"ताई, बाजूला हो!" थ्रासोस ओरडला. "गाव तीनशेच्या खाली गेलं तर शेजारच्या गावात घालतील. नाव पुसलं जाईल. आपल्या आईबापाची हाडं आहेत तिथे!"

"हाडं मोजत नाहीत रे, थ्रासो. मला एक सांग, तू राहतोस कुठे?"

थ्रासोसने यादीत डोकं घातलं. बसमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. सरपंच साहेबांचं बिऱ्हाड बाईच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर होतं, बारा वर्षं!

"तुझी पोरं इथल्या शाळेत, तुझी बायको इथल्या बाजारात. मावरोलाकात आज किती चुली पेटल्या असतील? बोल की!"

"अकरा," तो पुटपुटला.

"अकरा! आणि कागदावर तीनशे बारा! अरे, गावासाठी माझाही जीव तुटतो. पण ह्या माणसाचा पाय गावाने नाही हलवला, ह्या गल्लीने हलवला. तो दवाखाना गेला तर मी ह्याला घेऊन कुठे जाऊ? सांगा ना, कुठे जाऊ?"

एव्हान्थियाबाईचा आवाज फाटलेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. आणि पानागिसने, त्या मुक्या माणसाने, हात उचलला आणि बसच्या पुढची दांडी घट्ट धरली. ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, सोडा." सोडतोय कसला!

मला बसवेना. लाज वाटली, दुसरं काय. उठलो, बॅग घेतली आणि म्हणालो, "मला बाबा घाटात गाडी लागते." उतरलो. मागून दोन म्हाताऱ्या उतरल्या. मग एक कुटुंब, मग रांगच लागली. शेवटी थ्रासोस एकटा उरला, हातात यादी.

"गावाचं काय, ताई?"

"गावासाठी ऑगस्टात जत्रेला जाऊ, तेव्हा हवं तेवढं भांड. आता ती जेवणाची डबडी उतरव. ईस्टरच्या उपासाचं म्हणून एवढं डाळींचं जेवण केलंस, ते कोण खाणार, एकटा ड्रायव्हर?"

दुपारपर्यंत ही बातमी आठही गल्ल्यांत पसरली आणि बाकीच्या बसही जवळजवळ रिकाम्याच गेल्या. रविवारी मोजणीवाली मुलगी आली तेव्हा बाई तिच्यासोबत जिना-जिना चढली. अल्बानियाची पोरं सरकारी माणूस म्हटल्यावर आतून कडी घालून बसली होती. बाईने दार ठोठावलं. "मी आहे, विजारवाली. उघडा. कोणी धरून नेत नाही, नुसतं मोजतात." दार उघडलं. सात नव्हे, नऊ निघाले!

आकडे यायला पानगळ उजाडली. मावरोलाकाची नव्वदच भरली आणि गावाचं नाव खरंच गेलं. थ्रासोस महिनाभर बहिणीशी बोलला नाही, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण आमच्या आठ गल्ल्या? सहा हजार दोनशे चाळीस! दवाखाना राहिलाच, वर दुसरा डॉक्टर मिळाला. त्या संध्याकाळी प्रत्येक गॅलरीतून भांडी वाजली. मी टपरीतली सगळी चॉकलेटं पोरांना वाटली आणि मग बायकोची बोलणी खाल्ली.

परवा गुडघा दाखवायला दवाखान्यात गेलो. पाय ठेवायला जागा नाही. "छे, काय ही गर्दी!" मी करवादलो. "माणसं आहेत की मुंग्या?"

पानागिसचा दंड धरून, त्याला पावलापावलाने चालवत एव्हान्थियाबाई आतून येत होती. थांबली. अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गर्दी म्हणू नकोस, लाम्ब्रो. ह्यातलं एकेक माणूस मी बसमधून उतरवून आणलंय. जा, मुकाट्याने मागे बस!"

मी मागे जाऊन बसलो.