मामा किल्ला बघत नाहीत

सर्व लहानथोरांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील एक भलामोठा किल्ला पाहण्यास माझ्या मामांनी साफ नकार दिला.

मामा कवठे महांकाळचे. सारा जन्म मेंढरांमागे गेला. तिकडे नोकरीला असलेल्या लेकीनं त्यांना हौसेनं महिनाभरासाठी बोलावलं आणि सोबतीला मला जोडलं. दुसऱ्याच दिवशी मामांनी "परतीचं तिकीट बदल" असा धोशा लावला. माझी मामेबहीण स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. बापाचं मन रमावं म्हणून तिनं आम्हाला या किल्ल्यावर आणलं होतं.

मामांनी किल्ल्याकडे पाठ फिरवली. "आपला अजिंक्यतारा काय वाईट हाय?" मग समुद्राकडे बघून म्हणाले, "पानी लय, पर मेंढराला पाजायच्या कामाचं न्हाई."

तेवढ्यात तटाखालच्या कुरणात त्यांना एक मेंढी लंगडताना दिसली. मी "आवं मामा!" म्हणेपर्यंत ते फाटक उघडून आत शिरले होते आणि मेंढी त्यांच्या गुडघ्यांत उताणी पडली होती. तिचा मालक हातवारे करत, ओरडत धावत आला. मामांनी शांतपणे खुरात रुतलेला खडा काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं खड्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि टोपी काढून हसला.

चार दिवसांत पहिल्यांदाच मामाही हसले. मग फाटकाशी उभ्या लेकीला ओरडून म्हणाले, "पोरी, तिकिटाचं ऱ्हाऊ दे! ह्याच्या सगळ्याच मेंढरांची खुरं वाढल्याती, मी जाऊन कसं चालंल?"