जिंकणारा कोण?

हा लेख लिहायला घेतला तेव्हा माझ्यासमोर एकच प्रश्न होता. एखादा संघ सामना जिंकतो, तेव्हा त्या बातमीच्या पहिल्या वाक्यात कर्ता कोण असतो? प्रश्न व्याकरणाचा वाटतो, आणि आहेही. तो मला शरयूमावशींनी घातला होता. त्यांचे उत्तर त्यांच्यापाशी तयार होते, माझे नव्हते. आज ते मिळाले आहे, पण ज्यांना सांगायचे त्या मावशीच राहिल्या नाहीत. ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी मी बसने घरी परतत होते. बाहेर अमेरिकेतल्या आमच्या रेडमंड गावाचा नेहमीचा बारीक पाऊस होता. आमच्या मराठी कुटुंबांच्या गटावर संदेश आला : 'आपले मित्र समीर यांना मातृशोक.' खाली जोडलेल्या हातांची चित्रे एकामागून एक उमटू लागली. मी ते वाक्य वाचले, पुन्हा वाचले, आणि मग मनात शिरले की हे शरयूमावशींविषयी आहे...

मावशी नागपूरच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. यजमान गेल्यावर त्या मुलाकडे, समीरकडे, इथे आल्या. मी पुण्याला शिक्षिका होते. त्यामुळे रविवारचा मराठी वर्ग आम्ही दोघींनी मिळून चालवावा हे जणू ठरलेलेच होते. मी त्यांना मावशी म्हणत असले तरी आमचे नाते शिक्षकखोलीतले होते. फळा कोणी पुसायचा यावरून आम्ही भांडत असू, आणि मुले इंग्रजीत उत्तर देऊ लागली की दोघीही एकदम कडक होत असू. त्यांची नात इरा याच वर्गात होती. ती घरी 'आजी' म्हणे, वर्गात 'बाई'. चूक झाली की मावशी तिला इतरांपेक्षा जास्त वेळ उभी ठेवत.

बेसबॉल त्यांच्या आयुष्यात आला तो एकटेपणामुळे. मुलगा आणि सून कामावर, इरा शाळेत, आणि घरात टीव्ही. देशभर दिसणाऱ्या एका खेळवाहिनीवर पांढऱ्या केसांचे एक समालोचक होते. ते घाई न करता बोलत. चेंडू टाकणाऱ्याने काय योजले, मारणारा कुठे फसला, हे ते एकेक पायरी करून सांगत. मावशींचे इंग्रजी पुस्तकी होते, पण या माणसाचे बोलणे त्यांना कळे. त्या त्यांना 'मास्तर' म्हणू लागल्या. पुढे त्यांनी आमच्या भागातला संघ आपला म्हणून निवडला. तेव्हा तो सारखा हरत असे आणि मास्तर त्याचे नावही क्वचितच घेत. मावशींना त्यात वावगे वाटले नाही. 'अभ्यास न करणाऱ्या पोराला फळ्यापाशी कोण बोलावतं?' त्या म्हणत. 'पहिला नंबर येऊ दे, मग बोलावतील.'

नंतर खरोखरच पहिला नंबर येऊ लागला. गेल्या उन्हाळ्यात आमचा संघ विभागात सर्वांच्या पुढे गेला. एका दुपारी त्याने पूर्वेकडच्या एका बलाढ्य, नामांकित संघाला शेवटच्या डावात मागे टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाची तयारी करायला मी समीरच्या घरी पोहोचले, तर मावशी चहाचा कप हातात धरून टीव्हीसमोर ताठ बसलेल्या. मास्तर बोलत होते. विषय होता तो नामांकित संघ : त्याचे काय बिघडले, त्याने हातातला सामना कसा घालवला, आता तो सावरणार कसा. आमचा संघ पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीत येऊन गेला.

'इरा, हे काय म्हणतात गं?' मावशींनी विचारले.

'ही इज सेइंग दे चोक्ड, आजी.'

'म्हणजे?'

'म्हणजे... ऐन वेळी घशात अडकलं.'

'आपोआप अडकलं? अडकवलं कोणी ते सांग म्हणावं त्याला!'

समीर लॅपटॉप बॅगेत भरत होता. तो हसला. 'आई, मार्केट आहे यार ते. ईस्ट कोस्टला लोक जास्त, रेटिंग जास्त. त्यात पर्सनली काय घ्यायचं?'

'लोक जास्त झाले म्हणून वाक्यातला कर्ता बदलतो काय रे?'

समीरने माझ्याकडे पाहिले. मी चहाकडे पाहिले. मावशींचा आवाज चढला नव्हता, पण कप बशीत ठेवताना वाजला. 'याच माणसानं मला हा खेळ शिकवला बाप्पा,' त्या म्हणाल्या. 'आणि माझं पोर पहिलं आलं तर हा त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. फसवल्यासारखं वाटते.' त्यांना संघाच्या अपमानापेक्षा हे अधिक लागले होते. ज्याने शिकवले, त्याने शिकवलेलेच नियम मोडले होते. जिंकलेल्याचे नाव आधी घ्यायचे असते, हे त्यांनी आयुष्यभर प्रत्येक निकालाच्या दिवशी पाळले होते.

त्या रविवारी फळ्यावर दोन वाक्ये आली : 'आपला संघ जिंकला' आणि 'त्यांनी सामना घालवला'. ज्यांना शाळा सोडून बरीच वर्षे झाली, त्यांच्यासाठी सांगते. कर्ता शोधायचा असेल तर क्रियापदाच्या धातूला 'णारा' लावावा आणि 'कोण' असे विचारावे. जिंकणारा कोण? संघ. घालवणारे कोण? ते. दोन्ही वाक्ये एकाच सामन्याची आहेत आणि दोन्ही खरी आहेत, पण दुसऱ्यात आपला संघ कुठेच नाही. मुलांना हे लगेच पटले. 'दॅट्स सो अनफेअर!' असे मागच्या बाकावरून कोणी ओरडले, आणि मावशींनी इंग्रजीबद्दल त्याला उभे केले नाही.

माझा स्वभाव शंका घेण्याचा आहे. मी त्यांना म्हटले, एका सकाळवरून नियम काढता येत नाही. शिवाय आपल्या स्थानिक रेडिओवरचा समालोचकही एकतर्फीच बोलतो. आपण हरलो तरी तो आपलेच रडगाणे गातो. यावर त्या शांतपणे म्हणाल्या, 'तो आपला आहे, बाई. त्यानं आपली बाजू घेतली तं चालते. हा स्वतःला नॅशनल म्हणवतो. नॅशनल म्हणजे सगळ्यांचा ना? मग आपण त्या सगळ्यांत नाही काय?' मग मी उरलेला हंगाम ऐकत राहिले. आम्ही जिंकलो की वाक्य 'ते हरले' असे असे. आम्ही हरलो की 'ते जिंकले'. कर्त्याची खुर्ची हलतच नसे. विभागातले पहिले स्थान पक्के झाले त्या दिवशी मात्र मास्तरांनी विचारले, 'आता या संघाला कोण थांबवेल?' मी आनंदाने मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, 'ऐकलं मी. द्वितीयेत बसवलं आपल्याला. कर्म केलं!'

तोवर त्यांनी स्वतःची सोय करून घेतली होती. चित्र राष्ट्रीय वाहिनीचे, पण आवाज बंद. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेला लहान रेडिओ मोठ्याने सुरू. दोन्हींचा मेळ बसत नसे. रेडिओ पुढे धावे, चित्र मागून येई. चेंडू अजून फेकणाऱ्याच्या हातात दिसत असतानाच मावशी टाळ्या वाजवून मोकळ्या होत. सामना जिंकला की फ्रिजवरच्या लहान पांढऱ्या फळ्यावर एक पूर्ण वाक्य लिहीत : 'आपला संघ जिंकला.' पुढच्या सामन्याआधी ते पुसत. जिंकणे पुन्हा कमवावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते.

मग त्यांचे हृदय थकले. इस्पितळात मी त्यांना भेटले तेव्हा भिंतीवरच्या टीव्हीत सामना संपत आला होता आणि मास्तरांचा आवाज खोलीभर होता. 'तो बंद कर आधी,' मावशी म्हणाल्या. मी आवाज बंद केला. रेडिओ तिथे नव्हता, त्यांचा चष्मा घरी राहिला होता. पडद्यावर माणसे एकमेकांना मिठ्या मारत होती.

'कोण?' त्यांनी विचारले.

'आपण.'

'पूर्ण वाक्यात सांग.'

'आपला संघ जिंकला, मावशी.'

'हं,' त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले... ही आमची शेवटची भेट. समीरने संध्याकाळी घरी गेल्यावर ते वाक्य त्यांच्या वतीने फ्रिजवर लिहिले, हे मला नंतर कळले.

आणि त्यानंतर तो संदेश. सगळे आटोपल्यावर मी त्यांच्या घरी बसले होते. इराने फोन पुढे केला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत, आजीने शिकवले तसे वाचले. 'मा-तृ-शो-क. काकू, व्हेअर इज आजी इन धिस?'

मी सांगितले, 'मातृ' म्हणजे आई, तीच आजी.

'बट दॅट्स नॉट हर नेम.'

समीर खिडकीशी उभा होता. 'मी नाही पाठवला तो मेसेज,' तो हळूच म्हणाला. 'पण पद्धतच आहे ना तशी?' होय, पद्धतच आहे. वर्तमानपत्रांनी ती आपल्याला शिकवली आणि आपण ती बरोबर घेऊन आलो. तरीही मी मनातल्या मनात तो नियम लावून पाहिला. 'समीर यांना मातृशोक झाला.' होणारा कोण? शोक. समीर चतुर्थीत. मावशी एका सामासिक शब्दाच्या पहिल्या पदात, विनानावाच्या. खालच्या उत्तरांमध्ये सगळ्यांनी समीरला धीर दिला होता, आणि ते योग्यच होते. शरयू हे नाव मात्र कोणीही लिहिले नव्हते. टीव्हीवरचे मास्तर निदान परके होते. हा गट आमचा होता. यातल्या कितीतरी घरांतल्या मुलांना कर्ता ओळखायला मावशींनीच शिकवले होते. त्या सकाळी त्यांचा कप बशीत का वाजला, हे मला तेव्हा नीट समजले.

बेसबॉलचा हंगाम आता संपला आहे. परवा मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. रेडिओ खिडकीतच आहे. फ्रिजवर समीरच्या अक्षरात 'आपला संघ जिंकला' तसेच आहे, ते कोणी पुसलेले नाही. त्याखाली इराने वेड्यावाकड्या देवनागरीत, शिरोरेघ अर्ध्यावर सोडून, लिहिले आहे : 'शरयू आजी गेली.'

'करेक्ट आहे का, काकू?' तिने विचारले.

'बरोबर आहे,' मी म्हटले.

वाचकांना एवढीच विनंती : माझ्या शब्दावर विसंबू नका. पुढच्या सामन्यानंतरचे पहिले वाक्य ऐका, पुढच्या निधनवार्तेचे पहिले वाक्य वाचा. क्रियापदाच्या धातूला 'णारा' लावा, 'कोण' असे विचारा, आणि काय उत्तर येते ते स्वतः तपासून पाहा.