दादांनी रंगवलेली भिंत

मंठ्याच्या स्टँडवर जालन्याची गाडी लागली तेव्हा दादांनी माझी पेटी स्वतः टपावर चढवली. दादा म्हणजे माझे वडील. पुण्याला जाऊन सिनेमाचं काम शिकायचं हे माझं खूळ त्यांना बिलकुल पसंत नव्हतं, पण अडवलंही नाही. गाडी हलायच्या आधी खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "जाय. पर तिकडं आपल्या घराचं हसं करू नको." मी एकोणीस वर्षांची होते आणि मनात म्हणत होते, घराचा काय संबंध? संबंध कळायला दहा वर्षं गेली.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे पेटी घेऊन बाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला वाटत असेल की सिनेमावाली म्हणजे मोठा थाट. आमचा स्टुडिओ म्हणजे पुण्यात एका पिठाच्या गिरणीवरची खोली. तिथं आम्ही तिघं: कॅमेऱ्याला शिरीष, आवाजाला नसीमा आणि बाकी सगळ्याला मी. खाली गिरणी सुरू असली की आवाज रेकॉर्ड करता येत नसे. गुरुवारी वीज जायची तेव्हा गिरणी बंद पडायची, पण आमचं मशीनही बंद पडायचं. लग्नाच्या कॅसेटी काढून पोट भरायचं आणि उरलेल्या वेळात आपला सिनेमा करायचा, असा बेत होता. तो बेत मी सोडणार नव्हते, कुणी काहीही म्हणो.

पहिला सिनेमा पंचवीस मिनिटांचा. लेक घर सोडून गेल्यावर तिच्या आईचा एक दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. घर आमचंच आणि पडद्यावरची आई म्हणजे माझी माय. दिवाळीनंतर चार दिवस आम्ही गावी शूटिंग केलं. चुलीमागची धुरानं काळी झालेली भिंत पाहून शिरीष हरखला होता. म्हणाला, या भिंतीवरच आपण फेस्टिवलला जाऊ. मलाही ते पटलं, हे आज लिहिताना लाज वाटते. मग लग्नसराई लागली, भाड्याचा कॅमेरा परत करावा लागला आणि राहिलेलं अर्धं काम तीन महिन्यांनी करायचं ठरलं. अमुक तारखेला येतोय, असं मी घरी कार्ड टाकलं.

आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की आधी भिंतींना हात लागतो. मुलगी बघायला यायचे असोत की बारशाला, घर रंगवल्याशिवाय कुणाला आत घेत नाहीत. मी याच घरात वाढले होते, तरी कार्डात त्याबद्दल एक ओळ लिहायचं मला सुचलं नाही. आम्ही उतरलो तर अख्खं घर पोपटी. खाली गेरूचा पट्टा. चुलीमागची भिंतसुद्धा लख्ख. दादा दारात उभे होते, नखांत अजून रंग होता.

एका दिवसाची गोष्ट आणि घर मध्येच काळ्याचं पोपटी. फेस्टिवलची मुदत वीस दिवसांवर. माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत मी ओरडले, "दादा, हे काय करून ठेवलं तुम्ही? सगळी वाट लावली."

दादांनी एकदा भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "लोकं बघणार म्हणून रंग दिल्ता. तुला काळी भिंत दाखवायची व्हती का? मंग आधी सांगायचं ना." आणि शेताकडे निघून गेले.

शिरीष कामाला लागला. काजळी आणि माती बादलीत कालवून म्हणाला, दोन तासांत भिंत होती तशी करतो. मी मान डोलावली. बादली उंबऱ्याशी आली तेव्हा माय आडवी उभी राहिली. "तुझ्या बापानं आठ दिस शेत सोडून हात चालवला. ही बादली आत आली तं मी तुझ्या कॅमेऱ्यापुढं उभी ऱ्हाणार न्हाई."

माझ्या मायनं मला आयुष्यात इतकं स्पष्ट कधी सुनावलं नव्हतं. मी बादली उचलली आणि उकिरड्यावर ओतली. शिरीष डोकं धरून बसला. मी शेतात गेले. दादा बांधावर बसले होते. माफी मागायची आमच्या घरात रीत नाही, म्हणून मी विचारलं, "गोठ्याची भिंत राह्यली ना रंगवायची? कॅमेऱ्यापुढं रंगवता का?"

"पगार काय देशील?" दादांनी विचारलं, आणि उठले.

गोष्ट बदलली. लेक परत येणार म्हणून घर रंगवणाऱ्या आईबापाचा सिनेमा झाला. दादांनी गोठ्याची भिंत रंगवली, मध्ये थांबून शिरीषला उजेड कुठून येतो तेही सांगितलं. वीस दिवस आम्ही गिरणीवर धड झोपलो नाही, पण कॅसेट वेळेत गेली.

आणि परत आली. दुसऱ्या ठिकाणाहूनही परत आली. गाव खरं वाटत नाही, फार सजवलेलं आहे, असा दोन्हीकडचा सूर. शिरीष म्हणाला, काळी भिंत असती तर घेतला असता. असेलही. पण ज्यांना काळीच भिंत हवी त्यांनी दुसरीकडे जावं, असं मी ठरवलं आणि तिसऱ्या फेस्टिवलची पाकिटं लिहायला घेतली. तिसरा दक्षिणेतला, छोटा. त्यांनी घेतला. खेळ संपल्यावर एका प्रेक्षकानं विचारलं, घराचं रंगकाम कुणी केलं? मी दादांचं पूर्ण नाव सांगितलं आणि मला रडू आलं.

मग गावच्या शाळेत, खिडक्यांना घोंगड्या लावून, भरदुपारी खेळ केला. दादा सगळ्यात मागे, दाराशी बसले. गोठ्याची भिंत आली तशी सगळी शाळा मागे वळून त्यांच्याकडे बघायला लागली. संपल्यावर दादा माझ्याजवळ आले. "वरच्या कोपऱ्यात पोपडा दिसून राह्यला. घासून घ्यायला पायजे व्हता." जाता जाता थांबून म्हणाले, "दुसरा कधी काढतीस?"

त्यानंतर आमच्या स्टुडिओनं सात सिनेमे केले. कुणाच्याही घरात शिरलं की मी आधी विचारते, तुम्हाला काय दाखवायचंय? लोक चकित होतात, मग चहा ठेवतात. पुण्यात आता माझं स्वतःचं छप्पर आहे आणि ते मला आवडतं. तरी घर कुठलं असं विचारलं तर मी मंठाच सांगते, कारण तिथल्या भिंतीवर माझा हक्क आहे पण माझी मर्जी चालत नाही.

दादा गेले त्याच्या पुढच्या वर्षी भावाचा फोन आला. जुनं घर पाडून सिमेंटचं बांधायचं ठरलंय, पाडायच्या आधी येऊन काय शूटिंग करायचं ते करून घे.  दादांच्या हातचा रंग त्या भिंतींवर अजून होता. शिरीषनं कॅमेरा बॅगेत भरलासुद्धा. मी भावाला म्हटलं, मायकडे दे फोन.

"माय, मी येऊ का जुन्या घराचं शूटिंग काढायला?"

"आत्ता नको," माय म्हणाली. "सामान बाहेर काढलंय, पत्रे उतरवून राह्यलेत. असं उघडं घर दाखवू नको. नवं झालं का मंग ये."

मी शिरीषला बॅग ठेवायला सांगितली. घर पडलं, मी गेले नाही. पावसाळा गेल्यावर नवं उभं राहिलं तेव्हा कॅमेरा घेऊन गेले. माय इस्त्रीची साडी नेसून दारात उभी होती.