बॅटरीची पेज

आमच्या फ्लाइंग क्लबचं छोटं विमान एका सुट्या भागाची वाट पाहत आठ महिने हँगरमध्ये उभं होतं. मेकॅनिक मंदाताई मात्र दर सोमवारी त्याची बॅटरी काढून दिवसभर बारीक धारेनं वीज देणाऱ्या चार्जरवर लावायच्या. "पेज पाजतेय," म्हणायच्या. मी हसायचो. न उडणाऱ्या विमानाला कसली भूक?

"नुसतं उभं राहायलाही ताकद लागते, भाऊ," ताई एकदा म्हणाल्या.

ते वाक्य घरापर्यंत माझ्या मागे आलं. वेळ मिळेल तेव्हा बघू म्हणत मी माझी वाजवायची पेटी कपाटावर ठेवली होती आणि एका जुन्या मित्रालाही असंच बाजूला ठेवलं होतं. ठेवलेलं जसंच्या तसं राहतं, असं मी खुशाल धरून चाललो होतो.

काल तो भाग बसला. विमान चालू झालं नाही तर विकायचं, असं म्हणणारी कमिटी उन्हात उभी होती. ताईंनी किल्ली फिरवली. पंखा जरासा कुरकुरला आणि पहिल्याच झटक्यात असा गरगरला, की अध्यक्षांची टोपी कुंपणापलीकडे गेली! आता इंजिनच बॅटरी भरणार होतं.

त्या गदारोळात ताई आतून ओरडल्या, "पेज बंद! आता ती आपल्या हातानं जेवतेय!"