एकोणीस म्हणजे शेंगदाणे

ती बटणांकडे कधी बघायची नाही. गिऱ्हाइकाने शेंगदाण्यांची पिशवी काट्यावर ठेवली की तिचे डोळे गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे असायचे आणि उजव्या हाताची दोन बोटं एक आणि नऊ दाबून मोकळी झालेली असायची. रांग दारापर्यंत गेलेली असो, मागून कुणी कुरकुरत असो, तिचं आपलं एकच पुटपुटणं चालू, "व्हई जाई, माय, व्हई जाई." होऊन जाईल. आमच्या खान्देशी घरांत हे दिवसातून दहा वेळा कानावर पडतं, त्यामुळे सुरुवातीला मी त्याकडे लक्षही दिलं नाही.

तुम्हीही अशा दुकानात रांगेत उभे राहिला असाल. काउंटरमागच्या माणसाचा चेहरा घरी पोहोचेपर्यंत तुमच्या लक्षात राहतो का? माझ्या राहत नसे. मी स्वतः काउंटरमागे उभी राहिले तेव्हा कळलं की तिथून मात्र सगळ्यांचे चेहरे दिसतात, आणि बहुतेक दमलेले असतात.

दुकान सुरतेतल्या दिंडोली रस्त्यावरचं, किराणा, भाजी, कपडे, सगळं एकाच छताखाली विकणारं. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पप्पा पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगखात्यात, मम्मी नवागामच्या खोलीत बसून साड्यांचे धागे कापते. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली, आणि कॉलेज सुटल्यावर दुपारी दोन वाजता निळा टीशर्ट घालून बिलं करणारीही मीच पहिली. ट्रेनिंग म्हणून मॅनेजरसरांनी मला एक कागद दिला. सुट्या मालावर छापील पट्ट्या नसतात, म्हणून डाळ, तांदूळ, भाजी यांना प्रत्येकी एक नंबर. एका बाजूला इंग्रजी नावं, एका बाजूला गुजराती, मध्ये आकडे. एकशे चाळीस होते. "याद कर लेना," एवढंच ते म्हणाले.

पहिल्या दिवशी माझ्यासमोर एका बाईने सुरती पापडीच्या शेंगा ठेवल्या आणि माझं डोकं पूर्ण रिकामं झालं. मी कागदावर बोट फिरवत राहिले. बाईने उसासा टाकला, तिच्या मागच्या माणसाने टोपली जमिनीवर ठेवली. तेवढ्यात शेजारच्या काउंटरवरून, माझ्याकडे न बघता, आवाज आला, "चौतीस." मी चौतीस दाबलं. पडद्यावर पापडी आली. थोड्या वेळाने पुन्हा, "अकरा." मग, "सत्तावीस." तिच्या हातात तिच्या गिऱ्हाइकाचं सामान, आणि कान माझ्या काट्याकडे. त्या दिवशी तिने दोन काउंटर चालवले असं म्हणायला हरकत नाही.

दुकानात सगळे तिला मासी म्हणत. मी मावशी म्हटलं तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "कुठली वं तू?" मी म्हणाले, नवागामची. "ते नाही. गाव कोणतं?" गाव अमळनेरच्या बाजूचं निघालं, तिचंही तिकडचंच, आणि मग ती माझी मावशीच झाली.

आम्हाला बसायला खुर्ची नव्हती. कॅशियर बसलेला दिसला तर गिऱ्हाइकाला आळशी वाटतो, असा वरचा नियम. चार वाजेपर्यंत पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या, सहानंतर त्या आपल्या आहेत असंही वाटायचं नाही. तिने काउंटरखाली दुधाचा रिकामा क्रेट पालथा घालून ठेवला होता. एक पाय चपलेतून काढून त्यावर, थोड्या वेळाने दुसरा. वरून बघणाऱ्याला ती ताठ उभी दिसायची. "अर्धी मी उभी असते, अर्धी बसलेली," ती म्हणायची. दुसऱ्या आठवड्यात माझ्या काउंटरखालीही एक क्रेट आला. कुणी आणला हे मी विचारलं नाही.

आकडे पाठ करायला तिने मला तिची पद्धत शिकवली. कागद बाजूला ठेव म्हणाली, प्रत्येक आकड्याला काहीतरी चिकटव, नुसता आकडा डोक्यात राहत नाही. तिचे स्वतःचे सगळे चिकटवलेले होते. कांदे सात, कारण माहेरी त्या सात बहिणी होत्या आणि एकमेकींना रडवण्यात पटाईत. बाजरी सत्तावीस, कारण नवऱ्याला सुरतेत चालवायला पहिला लूम मिळाला त्याचा नंबर सत्तावीस होता आणि भाकरी त्याच्यावरच चालली. साबुदाणा चव्वेचाळीस, बमरोलीतल्या पहिल्या खोलीचा नंबर. "त्या खोलीत उपासच जास्त घडले," असं सांगून ती हसली होती. आणि शेंगदाणे एकोणीस. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती पॅसेंजरने सुरतेला आली, नवरा लाजून एक शब्द बोलेना, नंदुरबारला उतरून त्याने शेंगदाण्यांची पुडी आणली आणि तिच्या हातात कोंबली. पुडी संपेपर्यंत सुरत आली.

साखर बावन्न होती. त्या आकड्याची गोष्ट मात्र तिने सांगितली नाही. नवरा बावन्नाव्या वर्षी गेला हे मला पुढे भाजीच्या काउंटरवरच्या मुलीकडून कळलं.

अशा रीतीने महिनाभरात माझे आकडे पाठ झाले, पण माझे असे थोडेच. बहुतेक तिचेच होते. कांदे बघितले की मलाही सात बहिणी दिसायच्या.

एक गोष्ट मला आधीच कळायला हवी होती. भिंतीवर नवी सूचना लागली की ती मला बोलवायची. "वाच बरं, चष्मा घरी राहिला." मी वाचून दाखवायची. आठ महिन्यांत तो चष्मा एकदाही दुकानात आला नाही. मी एकदा गमतीने म्हणालेही, मावशी, तुमचा चष्मा फार घरकोंबडा आहे. ती हसली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मग ते झालं, जे मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही.

कॉलेजात आम्हाला एका व्यवसायाचं निरीक्षण करून सुधारणा सुचवायच्या होत्या. मी आमच्या दुकानावर लिहिलं. आकडे वेडेवाकडे दिलेले आहेत, नवीन माणसाला ते पाठ करावे लागतात, त्यापेक्षा इंग्रजी नावांच्या क्रमाने नंबर द्यावेत म्हणजे यादीत पटकन सापडतील, असं चार पानं. मार्क चांगले पडले. खरं सांगायचं तर मी त्यावर थांबले असते, पण मला वाटलं मॅनेजरसरांना दाखवावं. मी फक्त काउंटरमागे उभी राहून बटणं दाबणारी नाही, हे कुणाला तरी दिसावं असं वाटत होतं. त्यांनी ती पानं वर पाठवली.

पुढच्याच महिन्यात एका सोमवारी नवे नंबर आले. दुपारच्या पाळीआधी सरांनी सगळ्यांना उभं केलं, माझ्याकडे बोट दाखवून "बहु सरस" म्हणाले, आणि टाळ्या वाजवायला लावल्या. तिनेही वाजवल्या. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "कॉलेजात हे शिकवतात?" त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी मान हलवली.

त्याच दुपारी एका माणसाने पाच किलो साखर तिच्या काट्यावर ठेवली. तिने त्याच्या तोंडाकडे बघत बावन्न दाबलं. नव्या यादीत बावन्न म्हणजे लसूण. बिल बघून तो माणूस आधी चक्रावला, मग रांगेकडे वळून मोठ्याने म्हणाला, "मासी, चाय में लहसुन डालूँ क्या?" रांग हसली. तीही हसली. पुढच्या बाईची बाजरी आली आणि तिने सत्तावीस दाबलं. पुन्हा चुकलं. मी माझ्या जागेवरून नवा आकडा सांगू लागले, पण मलाही यादीत शोधावा लागत होता. "काउंटरवर यादी चिकटवलीय ना, मावशी," मी म्हणाले. तिने यादीकडे पाहिलं. इतक्या जवळून, इतका वेळ पाहिलं, की मला समजलं. इंग्रजी नाही, गुजराती बोलायला येत होतं पण वाचायला नाही. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, फक्त मराठी अक्षरं. चष्मा कधी नव्हताच.

त्या दिवशी घरी जाऊन मी वहीची सहा पानं फाडली आणि एकशे चाळीस नावं मराठीत लिहून काढली, प्रत्येकापुढे नवा आकडा. मी नवागामच्या मराठी शाळेत शिकले त्याचा पहिल्यांदाच असा उपयोग होत होता. दुसऱ्या दिवशी ती पानं मी तिच्या हातात ठेवली, माफी मागायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं एवढंच, "हे तुमच्यासाठी." तिने घडी घालून ती पर्समध्ये ठेवली. काउंटरवर मात्र कधी काढली नाहीत. आमच्या ओळीतले बाकीचे चौघे इंग्रजी यादीवरून काम करत होते, त्यांच्यासमोर वहीची मराठी पानं कशी काढणार? जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी उघडून बसायची, ओठ हलायचे. "नव्या आकड्यांना काही चिकटेनाच," म्हणायची. "जुनं निघत नाही ना आधी."

मी मॅनेजरसरांकडे गेले. जुने नंबर परत करता येतील का विचारलं. ते चिडले नाहीत, उलट समजुतीने म्हणाले की आता आपल्या चारही दुकानांत हेच बसवलंय, आणि आयडिया तर तुझीच. मी केबिनच्या बाहेर येऊन तशीच काउंटरवर उभी राहिले.

पंधरा दिवसांनी तिला मागच्या गोदामात पाठवलं. धान्य पोत्यांतून काढून पिशव्या भरायचं काम. मी सुट्टीत भेटायला गेले तर ती गोणपाटावर पाय पसरून बसली होती, केसांवर पिठासारखी धूळ. "बघ, बसायला मिळालं," म्हणाली. मग खोकली. तो खोकला दिवाळीपर्यंत वाढत गेला आणि दिवाळीनंतर ती आलीच नाही. तिचा मुलगा सुरतेबाहेर कामरेजला राहायला गेला, ती त्याच्याकडे गेली, असं कुणीतरी सांगितलं. तिच्या काउंटरवर नवीन मुलगी आली, इंग्रजी शाळेतली, पटपट काम करणारी. क्रेट तिने पहिल्याच दिवशी बाहेर काढून ठेवला.

संक्रांतीच्या आधी एका दुपारी माझ्यासमोर गुळाची ढेप आणि शेंगदाण्यांची पिशवी सरकली. मी वर पाहिलं तर मावशी. ती बारीक झाली होती. साडी इस्त्रीची होती, मुद्दाम नेसून आल्यासारखी. मी पिशवी काट्यावर ठेवली आणि तिच्या तोंडाकडे बघत माझी बोटं एक आणि नऊवर गेली.

"काय आलं?" तिने विचारलं.

"बीट," मी म्हणाले.

ती हसली. मग पडद्याकडे नाही, यादीकडे नाही, माझ्याकडेच बघत म्हणाली, "एकसष्ट दाब."

मी एकसष्ट दाबलं. शेंगदाणे आले.

"पाठ झालं, मावशी?"

"झालं ना. सगळे एकशे चाळीस. कामरेजला रिकामीच असते मी." तिने पर्स उघडून दाखवली. माझ्या वहीची पानं घड्यांवर फाटायला आली होती, तिने त्यांना मागून चिकटपट्टी लावली होती.

"एकसष्टला काय चिकटवलंत?"

"काही नाही. तुझा सहा पोट सुटल्यासारखा निघालाय तिथे. तो दिसतो डोळ्यांपुढे." मग तिने मागे वाढणाऱ्या रांगेकडे पाहिलं, माझ्या काउंटरखाली वाकून क्रेट आहे की नाही तेही पाहिलं. "चल, माणसं थांबलीयेत. व्हई जाई."

गूळ आणि शेंगदाणे घेऊन ती दारापर्यंत हळूहळू गेली. पुढच्या माणसाने कांदे काट्यावर ठेवले. मी यादीत बघून नंबर दाबला, पण त्याआधी नेहमीसारख्या त्या सात बहिणी दिसल्याच.