एक लांब, दोन आखूड

आधीच सांगून ठेवतो, भूत-बित मी मानत नाही. तेरखेड्याजवळच्या वाशीत माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. मशीन बिघडलं की त्याला कारण असतंच – सैल केबल, मेलेली रॅम, नाहीतर गिऱ्हाइकानं केलेला उद्योग. "आपोआप बंद पडलं हो" असं कुणी म्हटलं की मी विचारतो, "आपोआप, की तुम्ही?" गंडे-ताईत तर आमच्या अब्बांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत. त्यामुळं या ग्रुपवरचे भुताचे अनुभव वाचून मी आजवर खुशाल हसत आलोय. आज हसायची पाळी तुमची... हसा, पण पूर्ण वाचून हसा.

तेरखेड्याच्या बाजूला फटाक्यांचे कारखाने आहेत, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. त्यातल्याच एका कारखान्यात माझी मोठी बहीण कामाला आहे. नाव देत नाही, विचारूही नका. बहिणीला मी आपा म्हणतो. कारखान्यातले सगळेच म्हणतात, अगदी शेठसुद्धा. अम्मी लवकर गेली, मला आपानंच वाढवलं. फटाक्याची दारू भरून भरून तिच्या बोटांना कायमचा करडा रंग बसलाय, आणि माझं सगळं शिक्षण त्याच बोटांवर झालं. ती कामावर गेली की परत येईपर्यंत माझा अर्धा जीव तिकडंच असतो. फोन करायचीही सोय नाही, मोबाईल गेटवरच काढून ठेवावे लागतात.

कारखाना माळावर आहे. पत्र्याच्या शेड, एकमेकींपासून मुद्दाम लांब-लांब बांधलेल्या. गेटजवळ ऑफिस आणि ऑफिससमोर मोठा कडुलिंब. हे सगळं उभं केलं अण्णांनी, म्हणजे आताच्या सुधीरशेठच्या वडिलांनी. अण्णांचा एक नियम होता. लिंबाला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा टांगलेला असायचा. चहाच्या वेळी अण्णा त्याच्यावर लाकडी दांडक्यानं ठोका द्यायचे. लाकडीच, कारण तिथं लोखंडावर लोखंड आपटायचं नसतं. एक ठोका मारून तो पूर्ण घुमू द्यायचा, मग लगोलग दोन. एक लांब, दोन आखूड. हा ठोका पडला की हातातलं काम तिथंच ठेवून सगळ्यांनी लिंबाखाली यायचं. एक जरी बाई आत राहिली तरी अण्णा ठोका थांबवायचे नाहीत आणि चहा ओतू द्यायचे नाहीत. "ठोका ऐकून भायेर यायची सवय पायजे," म्हणायचे. "यखाद्या दिवशी चहासाठी नसंल."

गेल्या वर्षी अण्णा वारले. सुधीरशेठ वाईट माणूस नाही, पण दिवाळीची ऑर्डर अंगावर आली की त्याला घाम फुटतो. समद्या एकदम उठल्या की अर्धा तास जातो, म्हणून त्यानं चहा शेडच्या दारातच पाठवायला सुरुवात केली. डबा लिंबाला नुसता लटकत राहिला.

यंदा गणपती उठल्यावर त्याचा फोन आला, "कॉम्प्युटर बंद पडलाय, लेबलं छापायचीत, लगेच ये." ते मशीन माझ्याच हातचं. जुनं असल्यामुळं आणि लोकांच्या पेनड्राइव्हमधून रोज नवा व्हायरस येत असल्यामुळं मीच त्याच्यावर लिनक्स टाकून दिलं होतं. अण्णा तेव्हा शेजारी बसून चिडवायचे, "तुझं हे खोकं बंद पडलं की त्याला ऐकू येतं का रं आपला ठोका?"

सकाळी पोचलो, बटण दाबलं. स्क्रीन काळी, आणि आतून बीप आला. एक लांब, दोन आखूड.

थांबा, यात काही नाही. मदरबोर्डला एक नखाएवढा बझर असतो. मशीन सुरू होताना बिघाड असला की तो ठरावीक तालात वाजतो, आणि या बोर्डाच्या भाषेत एक लांब, दोन आखूड म्हणजे ग्राफिक्स कार्डाची तक्रार. कुठल्याही मेकॅनिकला विचारा. मी कार्ड काढलं, खोडरबरनं पट्टी घासली, परत लावलं. तोच बीप. रॅम बदलून पाहिली. तोच बीप.

टेबल खिडकीशी होतं. मान वर केली तर जवळच्या शेडमधल्या बाया लिंबाखाली येऊन उभ्या! त्यांचं बघून पार शेवटच्या शेडमधूनही आपा आणि बाकीच्या चालत आलेल्या. पुढं होत्या कमलबाई, सगळ्यांत जुन्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आवं, अण्णांचा ठोका वाजला की वं."

सुधीरशेठ चवताळला. "कुणी सांगितलं उठायला? आपा, तुम्ही तरी शहाण्या ना? तुम्हीच अशा उठून आल्यावर बाकीच्यांनी काय करायचं?"  आपा मागं वळून शेडकडं चालायला लागली. सगळ्यांसमोर तिला असं बोललेलं मला झोंबलं, पण मी मान खाली घालून स्क्रू फिरवत राहिलो. शेठ माझ्यावर फिरला, "आधी तो आवाज बंद कर बाबा." मी बझर बोर्डावरून उपटला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

कार्ड गेलेलंच होतं. ते काढून ठेवलं, मॉनिटर बोर्डाच्याच पोर्टला लावला, तर लिनक्स सुरू होऊन लॉगिनच्या आधी अडकायला लागलं. मेलेल्या कार्डाचा ड्रायव्हर सिस्टीम शोधत होती. रिकव्हरी मोडमध्ये जाऊन तो ड्रायव्हर काढला, रीस्टार्ट केलं, डेस्कटॉप आला. मग प्रिंटर रुसला, तोही नव्यानं जोडला. जेवणं झाल्यावर पहिलं लेबल चांगलं छापून बाहेर आलं. शेठ खूश. "चहा सांगू का?" म्हणाला.

तेवढ्यात बीप आला. एक लांब, दोन आखूड.

मला वाटलं भास झाला. चालू मशीनमध्ये हा बीप येत नाही, तो फक्त सुरू होताना येतो. पण परत आला. परत आला. थेट कॅबिनेटमधून, आणि सकाळपेक्षा कितीतरी मोठा... टेबलाला कान लावला असता तर टेबल थरथरताना ऐकू आलं असतं.

"काढला म्हणालास ना तू?" शेठ ओरडला.

मी खिशात हात घातला. बझर निघाला. तळहातावर घेऊन शेठच्या समोर धरला. आवाज चालूच. मी वाकून मागची पॉवर केबलच उपटली. स्क्रीन विझली, पंखा फिरत फिरत थांबला. आणि त्या मेलेल्या खोक्यातून पुन्हा... एक लांब, दोन आखूड.  संकटात म्हणायची कुराणातली आयतुल कुर्सी येते मला, पण त्या वेळी एक ओळ आठवेना.

शेठचा चेहरा कागदासारखा झाला होता. बघता बघता त्याच्या ओठातून निघालं, "अण्णा..." आणि तो माणूस पायात चप्पल न घालता बाहेर पळाला. "भायेर या! समद्या भायेर या!"

बाया दारादारात उभ्याच होत्या. आवाज त्यांनाही गेला होता, पण सकाळची बोलणी ताजी, म्हणून पाऊल उचलत नव्हत्या. शेठनंच बोलावल्यावर पळत सुटल्या. मी ऑफिसच्या दारात येऊन आपाला शोधायला लागलो. ती नव्हती. कमलबाई धापा टाकत म्हणाल्या, "न्हाय येत म्हणती. सकाळी लई लागलंय तिला. आता घरी जायलाच उठीन म्हणती."

आपाचा राग मला माहीत आहे. बसली की बसली. बाहेर ये म्हणून मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, घरातल्या दखनीत, "आपा, भार आओ!" मी दाराची चौकट धरून तिथंच थबकलो. पुढं धावला तो सुधीरशेठ. शेवटच्या शेडच्या दारात त्यानं हात जोडले, ते मला लांबून दिसलं. मग आपा दिसली. हात पुसत, तोंड फुगवून, आपल्याच चालीनं येत होती. शेठ तिच्या मागं. आणि माझ्या पाठीमागं, ऑफिसात, तो ठोका चालूच.

आपा लिंबाच्या सावलीत आली. कमलबाई अण्णांसारख्याच बोट नाचवत माणसं मोजत होत्या. "हायेत," म्हणाल्या. "समद्या हायेत."

पाठीमागचा आवाज थांबला.

मग शेवटची शेड गेली. आधी पांढरा उजेड, मग आवाज, मग गरम वारा अंगावर आला आणि लिंबाचा पाला आमच्यावर गळाला. पत्रे कुठल्या कुठं जाऊन पडले. मी आपाला मिठी मारून खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. ती माझ्या केसातला पाला काढत होती. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

चौकशी झाली. आग कशानं लागली ते नक्की कळलं नाही. उन्हानं दारू तापली असेल म्हणतात.

आता तुमचे प्रश्न. यूपीएस वाजला असेल? तो वेगळा वाजतो, आणि कोपऱ्यात होता, आवाज कॅबिनेटमधून येत होता. मोबाईल? गेटवर होते. स्पीकर? त्या मशीनला कधी नव्हतेच. हे सगळं मी स्वतःलाच विचारून झालंय. तो बझर नंतर दुसऱ्या बोर्डावर लावून बघितला, व्यवस्थित आहे, बोर्डावर असला तरच वाजतो. आपाला विचारलं तर म्हणते, "बीप-बिप आम्ही कुठं ऐकला? आम्ही डबा ऐकला." डब्याला त्या दिवशी कुणी हात लावला नव्हता, तो तर माझ्या डोळ्यांसमोर होता.

आता सुधीरशेठ स्वतः रोज ठोका देतो. आपानं काम सोडावं म्हणून मी खूप भांडलो, ती ऐकत नाही. "आता ठोका पडतो ना," म्हणते.

उत्तर मला सापडलेलं नाही, आणि अंगारे-धुपारेवाल्यांनी कृपया मेसेज करू नयेत, मी आजही मानत नाही. मला एवढंच माहीत आहे की सगळ्या बाया लिंबाखाली आल्या होत्या, फक्त माझी आपा आत होती, आणि ती येईपर्यंत तो ठोका थांबला नाही.